कुठली गाडी?

'गाडी' हा शब्द आपल्या भाषेत जुना. पण त्याचा अर्थ प्रत्येक पिढीने आपल्या सोयीने बदलून घेतला. पणजोबांच्या काळी गाडी म्हणजे बैलगाडी. आजी-आजोबांच्या तोंडी गाडी म्हणजे रेल्वे. 'गाडी चुकली', 'गाडी फलाटाला लागली', 'गाडीला भारी गर्दी होती' असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्टेशनच उभे राहायचे. आज कुणी 'गाडी घेतली' म्हणून पेढ्यांचा पुडा पुढे केला तर आपण 'कुठली?' असे विचारतो आणि उत्तरादाखल मोटारीच्या कंपनीचे नाव ऐकतो. पूर्वी गाडी येत असे, आता गाडी घेतली जाते. येणारी गाडी सगळ्यांची असते, घेतलेली गाडी एकाची. एवढ्याशा फरकात आपल्या मोठ्या शहरांची कहाणी सामावलेली आहे.

ही कहाणी बेंगळूरच्या निमित्ताने सांगावी असे वाटते. कारण आपल्या बेळगावात, टिळकवाडी असो, शहापूर असो वा वडगाव, दोन घरे सोडून तिसऱ्या घरातले कुणी ना कुणी बेंगळुरात नोकरीला आहे. मुलगा-सून तिकडे, आई-वडील इकडे. दिवाळीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचे आरक्षण मिळते का, ही काळजी दोन्हीकडे.

१० ऑगस्ट २०२५ हा दिवस म्हणूनच लक्षात राहिला. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते बेंगळूर-बेळगाव 'वंदे भारत' गाडी सुरू झाली आणि त्याच दिवशी बेंगळूर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचेही उद्घाटन झाले. आपल्याकडे अर्थातच चर्चा झाली ती वंदे भारतची. सुमारे ६१० किलोमीटरचे अंतर साडेआठ तासांत, म्हणजे ताशी सरासरी सत्तर किलोमीटरच्या वेगाने ती कापू लागली. मेट्रोची बातमी आपण चाळली आणि पान उलटले. वास्तविक आपल्या मुलाबाळांच्या रोजच्या आयुष्याशी संबंध होता तो या दुसऱ्या बातमीचा. वर्षातून चार वेळा करायच्या प्रवासापेक्षा दिवसातून दोन वेळा करायचा प्रवास माणसाला जास्त थकवतो. आणि तो प्रवास कसा असतो? टॉमटॉम या संस्थेने जगभरातल्या शहरांच्या वाहतुकीची २०२४ सालची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात बेंगळुरात १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागतात असे दिसले. म्हणजे ताशी साधारण साडेसतरा किलोमीटर. बेळगावहून निघालेला माणूस सत्तरच्या वेगाने बेंगळूरला पोचतो आणि स्टेशनबाहेर पडल्यावर सायकलच्या गतीने घरी जातो.

पिवळा मार्ग कुठून कुठे जातो ते पाहिले की सगळा घोटाळा उलगडतो. आर. व्ही. रोडपासून सिल्क बोर्ड चौकावरून इलेक्ट्रॉनिक सिटी आणि पुढे बोम्मसंद्रा, असा हा १९ किलोमीटरचा, १६ स्थानकांचा मार्ग. इलेक्ट्रॉनिक सिटीची मुहूर्तमेढ १९७० च्या दशकात रोवली गेली. पुढे तिथे संगणक कंपन्या आल्या, हजारो माणसे रोज जा-ये करू लागली. रस्ता तुंबला. तेव्हा उपाय काय काढला? सुमारे दहा किलोमीटरचा उंचावरचा द्रुतगती मार्ग. टोल भरून जायचा हा मार्ग जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. काही दिवस सगळ्यांना हायसे वाटले. नंतर पुलाच्या तोंडाशी, सिल्क बोर्डला, पुन्हा तीच रांग. त्या मार्गावर रेल्वे यायला आणखी पंधरा वर्षे जावी लागली. आधी वसाहत, मग रस्ता, मग रस्त्यावर रस्ता आणि सगळ्यांत शेवटी रेल्वे, असा हा उलटा क्रम. बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरही तेच झाले. काचेच्या इमारती आधी उभ्या राहिल्या. सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये.

मी वर्गात अर्थशास्त्र शिकवते. 'रस्ता रुंद केला की गर्दी कमी होते' हे मुलांना इतके उघड सत्य वाटते की त्यावर शंका घेतली तरी त्यांना हसू येते. मग मी त्यांना अँथनी डाऊन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचे नाव सांगते. शहरातला रस्ता कितीही वाढवला तरी गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतोच, हे त्याने १९६२ मध्ये मांडले. कारण साधे आहे. रस्ता मोकळा झाला असे कळताच बसने जाणारा मोटार काढतो, सकाळी सातला निघणारा नऊला निघू लागतो आणि बिल्डर दहा किलोमीटर पलीकडे नवी वसाहत काढतो. रस्ता हे फुकट वाटलेले अन्न आहे. पंगत वाढवली की जेवणारेही वाढतात.

याउलट रेल्वेचा हिशेब फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येतो. मोकळ्या, सिग्नल नसलेल्या रस्त्याच्या एका पट्ट्यातून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार माणसे झाली. सहा डब्यांच्या मेट्रोत दीड हजार माणसे सहज मावतात. दर पाच मिनिटांनी एक म्हणजे तासाला बारा गाड्या. अठरा हजार माणसे. एका रुळावरून जेवढी माणसे जातात तेवढ्यांना मोटारीने न्यायचे तर रस्त्याचे सहा पट्टे लागतील. शिवाय या मोटारी उभ्या करायला जागा हवीच. एका मोटारीला साधारण आठ बाय सोळा फूट जागा लागते. बेळगावातल्या कितीतरी घरांत एवढ्याच खोलीत दहावीचा मुलगा अभ्यास करतो आणि रात्री तिथेच आजी झोपते.

हा झाला आकड्यांचा भाग. पण मला यातली खरी गोष्ट कळली ती आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याकडून. मुलगा बेंगळुरात, शहराच्या कडेला मोठ्या संकुलात त्याचे सदनिका-घर. दोघे तीन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि पाच आठवड्यांत परत आले. भांडण झाले असावे, असे गल्लीने परस्पर ठरवून टाकले. काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही गं, पोर चांगला आहे, सून तर लेकीसारखी. पण दाराबाहेर पाय टाकायचा तर गाडी लागते बघ. देऊळ तीन किलोमीटर, भाजी दोन किलोमीटर. रस्त्याला कडेने चालायला जागा नाही. मुलगा म्हणतो, आई, मोबाइलवर गाडी बोलव. मला ते जमत नाही आणि प्रत्येक वेळी त्याला सांगायचं बरं वाटत नाही. इथं मी रोज मारुतीला चालत जाते, कुणाला विचारावं लागत नाही."

सर शेजारी पेपर वाचत बसले होते. ते मान वर न करताच म्हणाले, "तिथं आम्ही सामान झालो होतो. कुणीतरी उचलून न्यायचं, कुणीतरी आणून ठेवायचं."

मोटारीवर अवलंबून असलेल्या शहराबद्दल मी बरेच वाचले आहे. पण या वाक्याइतके नेमके कुठेच सापडले नाही. अशा शहरात मोटार चालवणाऱ्याचा वेळ जातो, हे आपल्याला दिसते. पण जो मोटार चालवत नाही त्याचे स्वातंत्र्यच जाते, हे दिसत नाही. आणि असे लोक किती असतात? म्हातारी माणसे, अठरा वर्षांखालची सगळी मुले, ज्यांची दृष्टी अधू आहे ते, ज्यांना मोटार परवडत नाही ते आणि घरात एकच मोटार असली तर ती जो नेत नाही तो, बहुधा ती. मोजायला बसले तर निम्म्याहून जास्त घर या यादीत येते. बेंगळुरात नोंदलेली वाहने एक कोटीच्या पुढे गेली आहेत, त्यांतली बहुसंख्य दुचाकी. तरीही काकूंसाठी त्यांत एकही नव्हते.

म्हणून वाहतुकीची चर्चा वेगावर होऊ नये असे मला वाटते. शहराला एकच प्रश्न विचारावा : ज्याला वाहन चालवता येत नाही असा माणूस, कुणाची मनधरणी न करता, तुझ्या अंगणात किती दूर जाऊ शकतो?

या प्रश्नाला आपल्या ओळखीच्या शहरांपैकी सर्वांत चांगले उत्तर मुंबईने दिले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी. ते कुर्ला विजेची गाडी धावली. मुंबई आधी रुळांवरून पसरली, मग त्या रुळांकाठी दादर, डोंबिवली, बोरिवली अशा वस्त्या फुगल्या. आपल्या खानापूर, चंदगड भागातली गिरणीत कामाला गेलेली माणसे आठवा. लिहिता-वाचता बेताचे येत असूनही ती लोकलने एकटी सगळी मुंबई फिरत. लोकलमधून रोज सत्तर लाखांवर प्रवास होतात. अर्थात लोकलचे गोडवे गाताना तिची किंमत विसरून चालणार नाही. अलीकडच्या वर्षांतही मुंबईच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे दगावली आहेत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी पडून मेले, ती बातमी आपण सुन्न होऊन वाचली. रेल्वे असणे पुरेसे नाही. ती माणसांना माणसासारखी नेईल इतकी असायला हवी.

बेंगळूरचे दुर्दैव असे, की रूळ तिथेही होतेच. १८६४ मध्ये मद्रासकडून गाडी बेंगळूर छावणीपर्यंत आली. पुढे तुमकूर, म्हैसूर, होसूर, यलहंका असे चहूबाजूंना फाटे फुटले. पाच बोटांसारखे हे रूळ शहराच्या तळहातावर पसरलेले आहेत. त्यांवरून उपनगरी गाड्या चालवाव्यात ही सूचना १९८३ मध्ये पुढे आली. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२० मध्ये; १४८ किलोमीटर, चार मार्ग, १५,७६७ कोटी रुपये. २० जून २०२२ ला पायाभरणी झाली तेव्हा ४० महिन्यांत काम पुरे होईल असे जाहीर झाले. ते ४० महिने ऑक्टोबर २०२५ मध्ये सरले. तोवर एकाही मार्गावर गाडी धावलेली नव्हती.

मोटारींच्या सोयीसाठी मात्र योजना कधी कमी पडल्या नाहीत. २०१६ मध्ये बसवेश्वर चौक ते हेब्बाळ असा पोलादी उड्डाणपूल ठरला. शेकडो झाडे जाणार म्हणताच लोक रस्त्यावर उतरले. त्या ऑक्टोबरात हजारोंनी हातात हात घालून साखळी केली. 'स्टील फ्लायओव्हर बेड', म्हणजे नको, ही घोषणा तेव्हा गाजली आणि त्याच्या मागोमाग 'चुकुबुकु बेकु', म्हणजे झुकझुक गाडी हवी, अशी मागणीही झाली. मार्च २०१७ मध्ये सरकारने पूल रद्द केला. पण काही वर्षांनी त्याच हेब्बाळपासून सिल्क बोर्डपर्यंत सुमारे १७ किलोमीटरच्या भुयारी रस्त्याची योजना आली. खर्चाचा अंदाज १७ हजार कोटींच्या घरात. पिवळ्या मेट्रोचे १९ किलोमीटर सुमारे ७,१६० कोटींत झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे पैसे नाहीत ही सबब खोटी ठरते. पैसे आहेत, ते कुठल्या गाडीवर खर्च करायचे एवढाच वाद आहे.

मेट्रो आली म्हणजे सगळे सुरळीत झाले, असेही नाही. पिवळा मार्ग सुरू झाला तेव्हा गाड्या तीनच होत्या आणि एक गेली की पुढची पंचवीस मिनिटांनी. एवढा वेळ थांबायचे तर माणूस पुन्हा स्कूटरची किल्ली उचलतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपये झाले, तेव्हाही अनेकांनी हिशेब केला : दुचाकीचे पेट्रोल याहून स्वस्त पडते. आणि सर्वांत मोठी अडचण स्थानकाबाहेरची. माझी पुतणी व्हाईटफील्डला असते. २०२३ मध्ये जांभळा मार्ग तिथपर्यंत सलग झाला. मॅजेस्टिकहून घरी जायचे दोन तास निम्म्यावर आले म्हणून ती खूश आहे. पण ती म्हणते, "आत्या, मेट्रोचे वीस किलोमीटर काहीच वाटत नाहीत. स्टेशन ते घर हा शेवटचा दीड किलोमीटरच जिवावर येतो. फुटपाथ फुटलेला, मध्येच ट्रान्सफॉर्मर, रात्री दिवा नाही." तिने अजून मोटार घेतलेली नाही. घ्यायची की नाही हे पुढच्या मेट्रो मार्गावर ठरणार नाही, या दीड किलोमीटरवर ठरणार आहे. हजारो कोटींची रेल्वे काही लाखांच्या फुटपाथसाठी अडून बसते, हे आपल्या नियोजनातले मोठे आश्चर्य आहे.

आता कुणी म्हणेल, बेंगळूरचे बेंगळूरवाले बघतील. आपल्याला काय त्याचे? पण शहरे एका रात्रीत बेंगळूर होत नाहीत. तेही एके काळी निवृत्तांचे, बागांचे, गार हवेचे गाव म्हणून ओळखले जाई. बेळगावबद्दल आपण नेमके हेच शब्द वापरत आलो आहोत. जानेवारी २०१६ च्या पहिल्या स्मार्ट सिटी यादीत आपण आलो. रस्ते झाले, दिवे लागले. कपिलेश्वर, गोगटे चौक, तिसरे रेल्वे गेट इथे पूल झाले. ते हवेच होते. गेट पडले की होणारा खोळंबा आपण वर्षानुवर्षे सोसला आहे. पण पूल झाला की तो वाहनाचा होतो आणि पलीकडच्या दुकानात चालत जाणारी म्हातारी तेवढी दूर पडते, हेही खरे.

आपला क्रम अजून उलटा झालेला नाही, ही जमेची बाजू. रूळ शहराच्या मधोमध आहेत. एका बाजूला देसूर, खानापूर. दुसऱ्या बाजूला सांबरा, सुळेभावी, घटप्रभा. या गावांतून रोज सकाळी शेकडो मुले-मुली बेळगावच्या कॉलेजांत येतात. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत महिलांना सरकारी बसचे तिकीट माफ झाले, तेव्हापासून सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली कॉलेजची वेळ सांगताना घड्याळ न सांगता बस सांगतात. 'पहिली बस भरून आली, दुसरीने आले, मॅडम.' खानापूर-बेळगाव-घटप्रभा अशी कॉलेज आणि कचेऱ्यांच्या वेळा सांभाळणारी साधी पॅसेंजर सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा धावली, तर त्या मुलींचे, त्यांच्या आई-वडिलांचे आणि रस्त्याचेही ओझे हलके होईल. त्यासाठी भुयार नको आणि उड्डाणपूलही नको. रूळ आहेत, स्थानके आहेत; हवे ते वेळापत्रक आणि स्थानकाबाहेर उभी असलेली सिटी बस.

दिवंगत रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी आग्रह धरलेला कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड हा ७३ किलोमीटरचा थेट मार्गही याच दृष्टीने पाहायला हवा. सुपीक जमीन जाऊ नये हे शेतकऱ्यांचे म्हणणे रास्तच आहे आणि मार्ग आखताना ते ऐकलेच पाहिजे. पण हलगा-मच्छे बायपासच्या वेळी आपण पाहिले की जमीन रस्त्यालाही लागते. तेवढ्याच माणसांना न्यायला रस्त्याला ती रेल्वेहून जास्त लागते. ज्या पिकाऊ जमिनीसाठी आपण भांडतो, ती वाचवायचा एक मार्ग रुळांवरूनही जातो.

मी मोटारीच्या विरुद्ध नाही. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे असले की दारातल्या मोटारीसारखा आधार नाही. माझी स्वतःची दुचाकी आहे आणि ती मला प्रिय आहे. हौसेची, अडीनडीची गाडी असावीच. पण दूध आणायला, देवळात जायला, कॉलेज गाठायला जिथे गाडी घ्यावीच लागते, तिथे ती हौस राहत नाही. तो कर होतो. आणि ज्याला तो भरता येत नाही त्याने घरी बसायचे असते.

येत्या निवडणुकीत, मग ती कुठलीही असो, मत मागायला कुणी दारात आले आणि 'तुमच्या भागात रस्ता करून देतो' म्हणाले, तर एवढेच विचारू या : त्या रस्त्याच्या कडेने आमच्या आईला चालता येईल का? चालत गेल्यावर तिला बस मिळेल का? आणि ती बस तिला स्टेशनवर, गाडी सुटायच्या आधी पोचवील का? 'कुठली गाडी?' असे त्याने विचारलेच, तर सांगू या, येणारी.